बॅटरीवरच्या सोलरमध्ये पॅनल खरंच किती वॅट देतंय, हे तपासायचं कसं?

डोंगरवाट | ९ फेब्रुवारी, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. भोर तालुक्यात भाटघर धरणाच्या वरच्या अंगाला आमचं गावचं घर आहे. विजेचा शेवटचा खांब खालच्या वाडीत, आमच्या वस्तीपर्यंत लाइन आलेली नाही. आई-बाबा तिथेच राहतात आणि अख्खं घर सोलरवर चालतं.

सिस्टीम अशी: ३३५ वॅटची दोन पॉली पॅनल सिरीजमध्ये, १०० व्होल्ट / ३० अँपिअरचा एमपीपीटी चार्ज कंट्रोलर (पॅनलची वीज बॅटरीत भरणारा डबा), १२ व्होल्ट १५० एएचच्या दोन ट्यूब्युलर बॅटऱ्या (म्हणजे २४ व्होल्टची बँक) आणि एक इन्व्हर्टर. छपरापासून कंट्रोलरपर्यंत अंदाजे १५ मीटर अंतर, वायर ४ स्क्वेअर एमएम. दिवे, दोन पंखे, टीव्ही, मोबाइल, अधूनमधून मिक्सर, एवढाच वापर.

आता बाबांचं इन्सुलिन सुरू झालंय. सध्या मडक्यात ठेवतो, पण उन्हाळा तोंडावर आहे, त्यामुळे छोटा फ्रिज घ्यायचा विचार आहे. सोलरवाल्याला बोलावलं. तो सकाळी साडेअकराला आला, कंट्रोलरचा स्क्रीन बघितला, ६७० वॅटच्या पॅनलवर ९२ वॅट दिसत होते. "पॅनल उतरलीत, अजून एक टाका, त्याच लाइनीत जोडून देतो," म्हणाला. त्या वेळी बॅटरी २८.७ व्होल्ट होती. ऊन कडक, सावली कुठेही नाही.

पैसे घालायला ना नाही, पण पॅनल खरंच उतरलंय का, हे आधी स्वतः तपासून बघायचं आहे. घरी साधा डिजिटल मल्टिमीटर आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

---

तारयंत्री | ९ फेब्रुवारी, रात्री १०:१५

सर्वांत आधी एक: ते तिसरं पॅनल त्याच लाइनीत, म्हणजे सिरीजमध्ये, कुणालाही जोडू देऊ नका. पॅनलच्या पाठीवरचा स्टिकर बघा, व्हीओसी (काहीही न जोडता येणारं व्होल्टेज) ४५-४६ व्होल्ट लिहिलेला असेल. दोन पॅनलचे ९२ झाले, तिसरं लावलं की १३७. तुमच्या कंट्रोलरची मर्यादा १०० आहे. पहिल्याच सकाळी कंट्रोलर जाईल, आणि अशा बिघाडाला वॉरंटी मिळत नाही.

दोनच पॅनल असली तरी तुम्ही काठावर आहात. थंडीत व्होल्टेज वाढतं, अंशामागे साधारण ०.३ टक्के. भोरकडे जानेवारीत पहाटे ८-१० अंश उतरतं, तेव्हा ९२चे ९६ होतात. चालतं, पण वर जागा उरत नाही.

---

निवृत्त_मास्तर | ९ फेब्रुवारी, रात्री १०:५०

डोंगरवाट, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच एका आकड्यात आहे: २८.७ व्होल्ट.

२४ व्होल्टच्या ट्यूब्युलर बँकेला अ‍ॅब्सॉर्प्शन व्होल्टेज २८.८च्या आसपास ठेवलेलं असतं. तिथवर पोहोचेपर्यंतच्या टप्प्याला बल्क म्हणतात, त्यात कंट्रोलर पॅनलमधून निघेल तेवढं सगळं काढून बॅटरीत ढकलतो. एकदा २८.८ गाठलं की तो व्होल्टेज तिथेच धरून ठेवतो आणि करंट हळूहळू कमी करत नेतो, कारण बॅटरीलाच आता कमी हवं असतं. पुढे फ्लोटला, २७.५च्या आसपास, तर अगदीच थोडा करंट जातो. पंगतीत ताटावर आडवा हात धरला की वाढपी थांबतो. त्याची परात रिकामी झाली असं नव्हे.

म्हणजे त्या सद्गृहस्थांनी बघितलेले ९२ वॅट ही बॅटरीची आणि घराची त्या क्षणाची मागणी होती. पॅनलची ताकद त्यातून कळतच नाही. मागणी नसताना घेतलेल्या मापावरून पॅनल बदलायला लावणं मला अजिबात पटत नाही, आणि हे सर्रास चालतं म्हणून जरा ठासून लिहितो आहे.

खरं माप हवं असेल तर बॅटरी थोडी उतरलेली हवी आणि वर दणकट लोड हवा. शक्यतो पॅनलच्या क्षमतेपेक्षा मोठा. घरात इस्त्री आहे का?

---

डोंगरवाट | १० फेब्रुवारी, सकाळी ७:२०

मास्तर, तारयंत्री, दोघांचे मनापासून आभार. १३७ व्होल्टचं वाचून काल रात्रीच त्याला फोन करून थांबवलं.

इस्त्री आहे, ७५० वॅटची. इन्व्हर्टर ती ओढतो. शनिवारी गावी जातोय. नेमकं काय काय मोजू ते क्रमाने सांगाल का?

---

निवृत्त_मास्तर | १० फेब्रुवारी, सकाळी ११:०५

सांगतो.

वेळ आधी ठरवा. पुणे-भोरकडे सूर्य डोक्यावर घड्याळाच्या बाराला येत नाही. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि भोर ७३.८च्या आसपास. त्यामुळे मध्यान्ह साडेबारानंतर होते, फेब्रुवारीत तर पाऊण वाजत येतो. म्हणून साडेबारा ते एकच्या दरम्यान, आकाश स्वच्छ असताना मोजा. पॅनल सकाळी उजाडतानाच धुऊन ठेवा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

आदल्या रात्री नेहमीसारखा वापर होऊ द्या. सकाळी कंट्रोलरचा पॅनलकडचा एमसीबी पाडून ठेवा, म्हणजे दुपारपर्यंत बॅटरी भरणार नाही. साडेबाराला एमसीबी वर करा, इस्त्री लावा, पाच-सात मिनिटं जाऊ द्या आणि स्क्रीनवरचे चारही आकडे लिहून घ्या: पॅनल व्होल्टेज, पॅनल वॅट, बॅटरी व्होल्टेज, चार्जिंग करंट. नुसते वॅट लिहून आणू नका. पॅनल व्होल्टेज फार बोलकं असतं.

मग प्रत्येक पॅनल सुटं करून दोन मापं घ्यायची. काहीही न जोडता दोन टोकांमधलं व्होल्टेज, म्हणजे व्हीओसी. आणि दोन टोकं मीटरमधून जोडून वाहणारा करंट, म्हणजे आयएससी.

---

बारामतीकर | १० फेब्रुवारी, दुपारी १२:३०

मास्तर, पॅनल शॉर्ट करायला सांगताय? जळायचं की! आमच्याकडे बॅटरीची टोकं पाना पडून शॉर्ट झाली होती, पाना वितळून चिकटला.

---

तारयंत्री | १० फेब्रुवारी, दुपारी १:१०

बारामतीकर, बॅटरीच्या बाबतीत तुमची भीती शंभर टक्के खरी आहे. बॅटरी शॉर्ट झाली तर शेकडो अँपिअर सुटतात, बॅटरीच्या खोलीत मीटर १० अँपिअरच्या भोकात लावून कुणी जाऊच नये. पॅनलचं तसं नाही. उजेड जेवढा तेवढाच करंट ते देऊ शकतं. ३३५ वॅटच्या पॅनलचा आयएससी ९.३च्या आसपास, आणि रोजच्या कामातला करंट ८.९. फरक जेमतेम. त्यामुळे मिनिटभर शॉर्ट केल्याने पॅनलला काही होत नाही.

धोका वेगळ्या जागी आहे, कनेक्टर तोडताना. डीसीचा आर्क एसीसारखा आपोआप विझत नाही. करंट वाहत असताना पॅनलच्या वायरीचा एमसी-फोर कनेक्टर ओढलात तर तिथे ठिणगी लांबते, कनेक्टर जळतो, हातही भाजतो. म्हणून पद्धत अशी ठेवा: पॅनलवर जाड गोधडी किंवा काळी ताडपत्री टाका, मीटर जोडा, मग झाकण काढा, आकडा वाचा, पुन्हा झाका, मगच मीटर सोडवा. साध्या मीटरच्या १० अँपिअरच्या भोकाला दहा-पंधरा सेकंदांचीच मुभा असते, मीटरवर छापलेलंच असतं. लाल प्रोब १०-एच्या भोकात घालायची आणि काम झाल्यावर न विसरता परत व्होल्टच्या भोकात.

क्लॅम्प मीटर असेल तर उत्तम, पण तो डीसी मोजणारा हवा. बाजारात स्वस्तात मिळणारे बहुतेक फक्त एसी करंट मोजतात. त्यात डीसीची वायर घातली की शून्य दाखवतो आणि माणूस पॅनल मेलं समजतो.

अजून एक. कंट्रोलर सोडवताना आधी पॅनल काढायचं, मग बॅटरी. जोडताना आधी बॅटरी, मग पॅनल. उलटं करू नका.

---

सागरवेळ | १० फेब्रुवारी, संध्याकाळी ६:४५

छान धागा. आमचं दापोलीजवळ छोटं होमस्टे आहे, तिथेही बॅटरीवरचं सोलर. कोकणातला अनुभव म्हणून एक भर घालते. खाऱ्या हवेने कनेक्टरच्या आत तांबं हिरवं पडतं. बाहेरून काहीच दिसत नाही. आमच्याकडे व्हीओसी अगदी बरोबर यायचा, आणि लोड लागला की व्होल्टेज बसायचं. शेवटी एक एमसी-फोर हाताला कोमट लागला. उघडला तर आतली पिन काळी, प्लास्टिक मऊ झालेलं. दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे नर-मादी एकमेकांत बसवले होते, वरून घट्ट वाटतात पण आत पकड नसते.

त्यामुळे डोंगरवाट, इस्त्री चालू असताना प्रत्येक जोड हाताच्या मागच्या बाजूने चाचपून बघा. एखादाच गरम लागला तर चोर तिथेच.

---

बारामतीकर | १० फेब्रुवारी, रात्री ८:००

शॉर्टचं समजलं, तारयंत्री. धन्यवाद.

अजून एक शंका. आमच्या शेतावरच्या कंट्रोलरवर मागच्या पावसाळ्यात मधेच ३३५ वॅटच्या पॅनलचे ३५०-३६० दिसायचे. मीटर बिघडलाय का?

---

निवृत्त_मास्तर | १० फेब्रुवारी, रात्री ८:५०

नाही, मीटर ठीक आहे. पांढऱ्या ढगाच्या कडेशी सूर्य असला की थेट ऊन आणि ढगाने परावर्तित केलेलं ऊन दोन्ही एकाच वेळी पॅनलवर पडतं, आणि पाऊस पडून गेलेला असल्याने पॅनल गार असतं. काही सेकंद-मिनिटं छापील आकड्याच्या वर जातं. वायर आणि फ्यूज म्हणूनच आयएससीच्या निदान सव्वापट धरून घ्यायचे असतात.

उलट कडक उन्हाळ्यात कमी का दिसतं, तेही सांगून टाकतो. स्टिकरवरचे ३३५ वॅट चौरस मीटरला १००० वॅट ऊन आणि सेलचं तापमान २५ अंश धरून छापलेले असतात. आपल्याकडे भर दुपारी सेल ५५-६५ अंशांवर असतो. पॉली पॅनल २५च्या वरच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.४ टक्का गमावतं. म्हणजे ६० अंशांना १४ टक्के तिथेच गेले.

---

डोंगरवाट | १४ फेब्रुवारी, रात्री ९:३०

आज दुपारी मोजलं. आकाश निळंशार होतं. आकडे देतो.

१२:४०, इस्त्री चालू: पॅनल व्होल्टेज ५५, पॅनल ४०८ वॅट, बॅटरी २५.१ व्होल्ट, चार्जिंग १५.७ अँपिअर. म्हणजे ९२ वॅट देणारी तीच पॅनल आज ४०८ देत होती! आई इस्त्रीच्या बाजूला उभी राहून आकडे मला ओरडून सांगत होती, मी छपरावर.

कुठलाच जोड गरम नव्हता.

मग गोधडी टाकून एकेक सुटं केलं. स्टिकरवर व्हीओसी ४५.८, आयएससी ९.३.

पूर्वेकडचं पॅनल: व्हीओसी ४१.२, आयएससी ८.१.
पश्चिमेकडचं पॅनल: व्हीओसी २७.६, आयएससी ८.१.

पश्चिमेकडच्याचं व्होल्टेज इतकं कमी, पण करंट तेवढाच. मीटर उलटसुलट करून पाहिला, आकडा तोच. याचा अर्थ काय लावायचा?

---

निवृत्त_मास्तर | १४ फेब्रुवारी, रात्री १०:१०

उत्तम मापं घेतलीत. आता हिशोब करू.

आयएससी उन्हाच्या प्रमाणात बदलतो, तापमानाने फारसा हलत नाही. म्हणून चांगलं पॅनल हाच तुमचा ऊन मोजायचा मीटर. ८.१ भागिले ९.३, म्हणजे ऊन चौरस मीटरला सुमारे ८७० वॅट. व्हीओसी ४५.८चा ४१.२ झाला, म्हणजे १० टक्के उतरला, अंशामागच्या ०.३१ टक्क्याने भागलं तर सेल २५पेक्षा ३२ अंश वर, साधारण ५७ अंश.

६७० गुणिले ०.८७ म्हणजे ५८३. तापमानाचे १३ टक्के वजा, उरले ५०८. धूळ, वायर मिळून तीन-चार टक्के सोडा. ४९०च्या आसपास दिसायला हवे होते. दिसले ४०८. म्हणजे सहातले पाच हिस्से मिळताहेत, एक हिस्सा गायब.

आता पश्चिमेकडचं पॅनल. ४१.२चे दोन तृतीयांश किती? २७.५. तुमचा मीटर २७.६ सांगतो. तुमचं पॅनल ७२ सेलचं, त्यात २४-२४ सेलच्या तीन माळा, आणि प्रत्येक माळेला पाठीवरच्या जंक्शन बॉक्समध्ये एक बायपास डायोड (माळ सावलीत आली तर करंटला बाजूने वाट देणारा). एका पॅनलची एक माळ गेली म्हणजे दोन पॅनलच्या सहा माळांतली एक गेली. सहातला एक! डायोड शॉर्ट झालाय. त्या माळेतली वीज डायोडमधूनच गोल फिरते, बाहेर येत नाही.

स्क्रीनवरचे ५५ व्होल्टही हेच सांगत होते. दोन्ही धडधाकट असती तर या तापमानाला ६६ दिसले असते.

---

तारयंत्री | १४ फेब्रुवारी, रात्री १०:४०

मास्तरांशी सहमत. यात शिकण्यासारखं हे की आयएससी बरोबर आला म्हणून पॅनल निर्दोष असं समजू नये. डायोड शॉर्ट असला तरी आयएससी पूर्ण येतो. उलट सागरवेळताईंच्या कनेक्टरमध्ये व्हीओसी पूर्ण यायचा. म्हणून तिन्ही मापं लागतात: उघडं, शॉर्ट आणि लोडवरचं.

डायोड जाण्याचं नेहमीचं कारण जवळ पडलेली वीज. तुमच्या डोंगरात वळवाच्या पावसात विजा भरपूर. अर्थिंग एकदा बघून घ्या.

खात्री हवी तर इन्फ्रारेड थर्मामीटरने पॅनलची पाठ पट्ट्यापट्ट्याने मोजा. मेलेल्या माळेचा पट्टा बाकीच्यांपेक्षा थोडा गरम लागेल, कारण तिथली वीज बाहेर न जाता उष्णता होऊन राहते.

पॅनल वॉरंटीत असेल तर बॉक्स उघडू नका, आधी विक्रेत्याला हे आकडे लेखी पाठवा, स्टिकरच्या आणि मीटरच्या फोटोसकट. वॉरंटी संपली असेल आणि बॉक्स झाकणाचा असेल तर काम सोपं आहे, पॅनल झाकून डायोड बदलायचा. १५ अँपिअर किंवा त्याहून मोठा, मूळच्याच जातीचा शॉटकी डायोड घ्या, दिशा नीट बघा. आत काळं सिलिकॉन भरून बंद केलेला असेल तर नाद सोडा.

---

सागरवेळ | १५ फेब्रुवारी, सकाळी ८:१५

फ्रिजबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. मूळ प्रश्न बाबांच्या औषधाचा आहे ना!

साधा एका दाराचा १९० लिटरचा फ्रिज घरगुती वापरात दिवसाला अर्धा ते पाऊण युनिट खातो. पण खरी गोम इन्व्हर्टरमध्ये आहे. फ्रिजसाठी इन्व्हर्टर चोवीस तास चालू ठेवावा लागतो, तो स्वतःच १५-२० वॅट खातो, म्हणजे दिवसाला आणखी जवळजवळ अर्धा युनिट. तुमची बँक ३.६ युनिटची, त्यातली निम्मीच वापरावी. पावसाळ्यात भोरसारख्या घाटमाथ्यालगतच्या भागात आठवडाच्या आठवडा ऊन नसतं, तेव्हा हे झेपणार नाही.

१२/२४ व्होल्टवर थेट चालणारे ४०-५० लिटरचे कॉम्प्रेसरचे डीसी फ्रिज मिळतात. दिवसाला पाव युनिटच्या आसपास, इन्व्हर्टर नको. महाग आहेत हे खरं. पण कॉम्प्रेसरचाच घ्या, नुसता थंड करणारा स्वस्तातला डबा नको, तो करंटही खातो आणि मे महिन्यात पुरतही नाही. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत लागतं आणि गोठलं तर वाया जातं, म्हणून आत एक छोटा थर्मामीटर ठेवा आणि बाटली मागच्या भिंतीला टेकवू नका. बाकी डॉक्टरांना विचारालच.

---

डोंगरवाट | १५ फेब्रुवारी, दुपारी २:००

ताई, हे फार मोलाचं सांगितलंत. इन्व्हर्टर स्वतः एवढा खातो, हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. डीसी फ्रिजचं नक्की केलं.

पॅनलची वॉरंटी तपासतो आणि कळवतो.

---

डोंगरवाट | ८ मार्च, रात्री ८:५५

कळवायला उशीर झाला. पॅनल वॉरंटीत होतं. विक्रेत्याला मास्तरांचा हिशोब जसाच्या तसा, फोटो जोडून पाठवला. आधी "चालायचंच" म्हणाला, मग माणूस पाठवला. त्याने बॉक्स उघडला, मधला डायोड मीटरवर दोन्ही बाजूंनी बीप देत होता, म्हणजे शॉर्टच. बदलून दिला, पैसे घेतले नाहीत.

आज पुन्हा इस्त्री लावून मोजलं. पॅनल व्होल्टेज ६५, वॅट ४८७. पश्चिमेकडच्याचा व्हीओसी ४१. तिसऱ्या पॅनलचा विषय संपला. फ्रिज पुढच्या आठवड्यात येतोय.

एक शेवटचं. आमच्याकडे आता राब भाजायला (भाताच्या रोपांसाठी शेतात पालापाचोळा जाळायला) सुरुवात होईल, सगळीकडे राख उडते. पॅनल किती दिवसांनी धुवावं?

---

तारयंत्री | ८ मार्च, रात्री ९:२०

दिवस ठरवून धुऊ नका, आकडा बघून धुवा. स्वच्छ पॅनलचे ६५ व्होल्ट, ४८७ वॅट हा आता तुमचा पाया आहे, वहीत तारीख आणि वेळ घालून लिहून ठेवा. राबाच्या दिवसांत आठवड्यातून एकदा याच पद्धतीने, याच वेळेला मोजा. ऊन वाढेल तसा आकडा थोडा हलेल, पण स्वच्छ आकाशात ४५०च्या खाली आला की दुसऱ्या दिवशी पहाटे धुऊन टाका. साबण नको, मऊ फडकं आणि साधं पाणी. क्षारांचं बोअरचं पाणी असेल तर फडक्याने लगेच पुसा, नाहीतर काचेवर पांढरे डाग बसतात आणि ते घासून निघत नाहीत.

वॅट उतरले पण व्होल्टेज ६५च राहिलं, तर धूळ. व्होल्टेजच ५५वर आलं, तर पुन्हा गोधडी घेऊन छपरावर जा.